दिवाळसणाची वेष्टी गुलाबी झाली तर…

तंजावरात नव्या जोडप्याच्या पहिल्या दिवाळीला ‘तलै दीपावळी’ म्हणतात. म्हणजे आपला दिवाळसणच! जावई आणि लेक माहेरी येतात, पहाटे तेल लावून आंघोळ होते आणि मग सासऱ्यांनी आणलेले नवे कपडे अंगावर चढतात. जावयाला पांढरीशुभ्र वेष्टी, लेकीला गडद लाल किंवा जांभळी साडी. नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचं, ही इथली रीत. तंजावरच्या मराठी घरांतही दोन्हीकडच्या चालीरीती पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत.

मग येतो दुसरा दिवस, म्हणजे धुण्याचा. घरात पाहुणे, बादलीत कपड्यांचा ढीग आणि बाहेर पाऊस. कावेरीच्या या भागात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणजे नेमका दिवाळीच्या सुमारास. ओले कपडे एकमेकांवर पडून राहतात आणि बादलीतून वेष्टी बाहेर येते ती गुलाबी होऊन! ज्याच्या हातून हे झालं त्याचा चेहरा उतरतो. बहुतेक वेळा ती घरातली सून असते, नाहीतर मदतीला आलेली बाई. म्हणून आधी एक गोष्ट: आरडाओरडा नको. पहिल्या तासात हात चालवले तर कपडा बऱ्याचदा वाचतो.

पहिला नियम: वाळू देऊ नका

सुटलेला रंग ओल्या कपड्यावर असतो तोवर तो काढणं सोपं असतं. वाळला की तो धाग्यात बसतो आणि वर इस्त्री फिरवली तर आणखीच पक्का होतो. म्हणून डाग दिसताच तो कपडा वेगळ्या बादलीत, थंड साध्या पाण्यात टाका. रंग सोडणारा कपडा बाजूला काढा, पण तोही ओला गोळा करून ठेवू नका. त्याचाच रंग त्याच्याच काठावर उतरेल.

नवा कपडा रंग का सोडतो? रंगवताना धाग्याला पक्का न चिकटलेला थोडा रंग वर राहून जातो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो निघतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. रंगाऱ्याच्या भांड्यात मीठ उपयोगी पडतं हे खरं, पण रंगवून झालेल्या कपड्याला त्याने कायमचा फरक पडत नाही. साध्या पाण्याने पुन्हा धुतलं की रंग परत सुटतो.

पांढरी सुती वेष्टी

इथे उपाय सोपा आहे. रंग नसलेल्या पांढऱ्या सुताला ऑक्सिजन ब्लीच चालतं. डाग काढण्याच्या पावडरी बाजारात मिळतात, त्यांतल्या बऱ्याच याच प्रकारच्या असतात. पाकिटावर ‘सोडियम परकार्बोनेट’ हे नाव शोधा. कोमट पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणात पावडर पूर्ण विरघळवा आणि वेष्टी काही तास भिजत ठेवा. मधून मधून हलवा. गुलाबी छटा उरली तर पाणी बदलून पुन्हा एकदा करा.

पण वेष्टीला रंगीत किंवा जरीचा काठ असेल तर सगळी वेष्टी बुडवू नका. डाग लागलेला भागच पाण्यात धरा, काठ बाहेर ठेवा. आधी काठाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून, थोडा वेळ थांबून बघा.

क्लोरीनचं ब्लीच शेवटचा पर्याय म्हणून फक्त साध्या पांढऱ्या सुतासाठी ठेवा. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

हळदीचं बोट लाल का होतं?

पिवळा ठिपका साबण लागताच लालभडक होतो आणि सगळे घाबरतात. यात बिघडलेलं काही नसतं. हळदीतला रंग साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थाने लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणामुळे. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढला की ठिपका पुन्हा पिवळा होतो.

हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. म्हणून पांढरा सुती कपडा ओला करून डाग उन्हाकडे येईल असा वाळत घाला. दोन-तीन वेळा असं केलं की डाग फिका पडतो. पावसामुळे ऊन नसेल तर वर सांगितलेलं ऑक्सिजन ब्लीच वापरा. त्यात डाग आधी लाल होईल, मग उतरत जाईल. रंगीत कपडा मात्र कडक उन्हात ठेवू नका. हळदीबरोबर त्याचाही रंग जाईल.

रेशमी साडी: कमी करा, हळू करा

कुंभकोणमजवळचं तिरुभुवनम रेशमी साड्यांसाठी ओळखलं जातं. तिथल्या साडीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हातमागावर बसणाऱ्यांत सौराष्ट्री समाजाचे विणकर मोठ्या संख्येने आहेत. अशी साडी विणायला दिवसच्या दिवस जातात आणि ती घ्यायला घरातली बचत लागते. म्हणून सुती कपड्याचे प्रयोग तिच्यावर करायचे नाहीत.

रेशीम हे लोकरीसारखंच प्राणिज आहे, मुळात प्रथिन. क्लोरीनचं ब्लीच ते अक्षरशः विरघळवतं. धुण्याचा सोडा आणि नेहमीची तीव्र पावडरही त्याची चमक मारते. काठाचा गडद रंग फिक्या अंगावर उतरला असेल तर एवढंच करा:

1. साडी थंड साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. घासू नका, पिळू नका.
2. पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून हलकेच दाबा, म्हणजे जास्तीचं पाणी निघेल.
3. घडी न घालता, काठ अंगाला लागणार नाही अशी पसरून सावलीत वाळवा.
4. तरीही डाग राहिला तर घरी पुढे काही करू नका. रेशमाची माहिती असलेल्या ड्रायक्लिनरकडे न्या आणि आतापर्यंत काय काय लावलं ते खरं सांगा. त्यावर त्याचा उपाय ठरतो.

जर काळवंडली म्हणून चिंच किंवा लिंबू चोळणं टाळा. पितळेच्या समईला जे चालतं ते जरीला चालत नाही.

आटलेला सदरा

हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतंच. सदरा थंड पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून सपाट पसरा, शिवणी दोन्ही हातांनी हळूहळू ताणून सरळ करा आणि किंचित ओला असतानाच इस्त्री करा. बोटभर फरक असा भरून निघतो, पण चार बोटांचा नाही. लहान मुलांसाठी हातमागाचं कापड शिवायला देताना आधी भिजवून, वाळवून मगच द्या.

पुढच्या दिवाळीसाठी

नवा गडद कपडा धुण्याआधी आतली शिवण ओली करून पांढऱ्या रुमालाने दाबा. रुमालाला रंग लागला तर पहिली तीन धुणी एकट्याची. कपड्याचं लेबल कापण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, टबातला हात म्हणजे हातानेच धुवा, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. हे घरातल्या शाळकरी मुलांना शिकवा. त्यांना ती खूण ओळखायला मजा येते आणि धुणं लावताना मदतही होते.

आणि सगळं करूनही वेष्टी पांढरी झालीच नाही तर? सुती कापड पुन्हा रंगवता येतं. फिकट गुलाबीवर गडद तपकिरी किंवा निळा रंग छान चढतो. नाहीतर चांगला भाग कापून छोटीचा परकर शिवा. जावयाला नवी वेष्टी पोंगलला घेता येईल. तोवर तीन महिनेसुद्धा नाहीत. त्या दिवशी चुकून लाल साडी त्याच बादलीत टाकणाऱ्या सुनेला मात्र घरातल्या मोठ्यांनीच पुढे होऊन सांगावं, ‘असू दे गं, होतं असं.’