एक सायकल, तीन स्वार

गेल्या पावसाळ्यापासून आमचा उजवा गुडघा ठणकू लागला. वयोमानाचा दोष समजून आम्ही तेल चोळीत बसलो. खरा अपराधी ओसरीवर उभा होता. घरात सायकल एकच. कोडोलीहून वारणानगरास शिकावयास जाणारी नात, आमचे धाकटे बंधू आणि आम्ही, असे तिघे ती वापरतो. नातीसाठी खाली आणलेली बैठक पुन्हा कोणी वर केलीच नाही!

बैठक ठेंगणी असली की प्रत्येक फेऱ्यास गुडघा नको तितका दुमडतो व वाटीवर ताण येतो. फार उंच असली तर कंबर हेलकावते, गुडघ्यामागील शिरा ओढतात. योग्याचे आसन फार उंच वा फार सखल नसावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे. मात्र ते आसन रस्त्याने धावत नाही.

भिंतीचा आधार घेऊन बसावे, पायडल अगदी तळाशी न्यावे व त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता पाय सरळ झाला, म्हणजे उंची बेताची. मग चवड्याने चालविताना गुडघ्यास थोडा बाक राहतो. बसल्या जागी दोन्ही तळपाय भुईस टेकत नाहीत, ह्याचे पुष्कळांस भय वाटते. थांबताना पुढे उतरावे. नवशिक्याने मात्र आरंभी बैठक सखलच ठेवावी. नळीवर मर्यादेची खूण असल्यास तिच्यापलीकडे नळी वर काढू नये.

आम्ही नळीवर रंगाच्या तीन रेघा ओढून पाना खुंटीस टांगला. आमचा गुडघा पुष्कळ निवळला. बंधूंस पाना फिरविण्याचा कंटाळा. ते नातीच्याच रेघेवर बसून जातात आणि रात्री तेल मागतात.