तळं आहे, माळ आहे, जंगल आहे. पळायला जागा नाही

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका पेपरची पुरवणी हातात आली. पानभर रंगीत मजकूर, ‘पळायला सुंदर वाटा’. वेताळ टेकडी, तळजई, पाषाण तलाव, आणि सुट्टीच्या दिवशी कासचं पठार. फोटो झकास. तळ्याकाठी धुकं, माळावर कोवळं ऊन, झाडीतून जाणारी पायवाट, अन् त्यावर दहा-पंधरा हजारांचे बूट घातलेला माणूस. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पुणेकरांनी टेकडीसाठी मोर्चे काढले, कोर्टात गेले, म्हणून टेकडी राहिली. साताऱ्याच्या लोकांनी २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं अन् फिरून खाली यायचं, २१ किलोमीटर. आता त्या शर्यतीला देशभरातून लोक येतात. छान आहे.

पण पुरवणी मिटली अन् मला आपली पहाट आठवली.

तळं, माळ, जंगल हे तिन्ही आपल्याकडं आहे की नाही? भीमा अन् घोड, दोन नद्यांच्या पट्ट्यात आपलं गाव. बंधाऱ्याला पाणी अडलं की नदीचं तळं होतं, हिवाळ्यात त्यावर बगळे-पाणकावळे बसलेले असतात. माळ म्हणाल तर गायरान आहे, न्हावऱ्याकडं वर सरकलं की मुरमाड माळरान आहे. अन् जंगल? ऊस. आपलं जंगल म्हणजे ऊस. त्यात बिबट्या राहतो, पिल्लं घालतो. अजून काय पाहिजे जंगलाला?

आणि पळणारी माणसं तर पुण्यापेक्षा आपल्याकडं जास्त गरजू आहेत. आपल्या पोरांना पोट कमी करायचं नाही, त्यांना पोट भरायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी ५० गुणांचं. त्यात २० गुण एकट्या पळण्याला. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. पोरगा ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आला तर २० पैकी २०. त्यापुढं दर काही सेकंदाला गुण तुटत जातात. अग्निवीरला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० गुण. म्हणजे दहा सेकंदावर घरातला पगार ठरतो. २०२४ च्या पोलीस भरतीला १७ हजारांवर जागा होत्या, अर्ज लाखांनी आले. तालुक्यातल्या प्रत्येक गावातून पोरं गेली, आपल्याही गेली.

ही पोरं तयारी कुठं करतात? डांबरी रस्त्यावर. पहाटे पाचला. किलोमीटरच्या दगडापासून मोजून चुन्याची रेघ मारलेली आहे, तुम्ही गाडीवरून जाताना पाहिली असेल. ती रेघ म्हणजे आपलं स्टेडियम. डांबरावर रोज पळून नडग्या दुखायला लागतात, पोरं तेल लावून, फडकं बांधून पुन्हा पळतात. बरं, भरतीला पळावं लागतं गोल मैदानात, वळणं घेत. सरळ रस्त्यावर सहा महिने पळालेला पोरगा वळणावर मागं पडतो अन् घरी येऊन म्हणतो, ‘भाऊ, चार सेकंदांनी गेलं.’ त्या चार सेकंदांचा हिशोब कुणी मागत नाही.

एका पोरीचं सांगतो, नाव-गाव नको. तिचा बाप पहाटे मोटारसायकल काढतो. ती पुढं पळते अन् तो मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत तिच्या पायापुढं उजेड पाडतो. दोन कारणं. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला लाईट दिसावा, अन् कडेच्या उसातून काही आलंच तर बाप जवळ असावा. पेट्रोल टाकून पोरीला पळवणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाडी थांबवून बघत राहिलो. पंधरा मिनिटांनी बापाला दुधाला जायचं असतं, म्हणून पोरीची प्रॅक्टिस पंधराच मिनिटं.

बिबट्याची भीती उगाच आहे म्हणणाऱ्यांनी आपल्यासमोर येऊन म्हणावं. २०२४ मध्ये आपल्याच पट्ट्यात लहान लेकरं गेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबुतकडं जे झालं, त्यानंतर लोकांनी हायवे अडवला. सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. चार दिवस पुढारी आले, पिंजरे आले, आश्वासनं आली. पोरांचं पळणं मात्र तिथंच राहिलं, उसाच्या कडेला.

आणि ट्रॉल्या. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूला दोन-दोन हात बाहेर आलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. दरवर्षी कारखान्यावर रिफ्लेक्टर चिकटवण्याचा कार्यक्रम होतो. अधिकारी एक पट्टी चिकटवतात, फोटो निघतो, बातमी आम्हीच छापतो. मीही छापली आहे. नंतर त्या पट्टीवर चिखल बसतो अन् पुढच्या वर्षीपर्यंत कुणी पुसत नाही. ‘वाहनाच्या धडकेत तरुण जखमी’ हा मथळा मी इतक्या वेळा लिहिलाय की आता टाईप करताना बोटं आपोआप चालतात. पोरगा पळत होता, एवढी ओळ त्यात कधी कधी मी गाळलेली आहे. जागा नसते. खरं सांगतो, लाज वाटते.

हे बोललं की गावात एक उत्तर तयार असतं. ‘अविनाश साबळे बघ, आष्टीच्या मांडव्याचा. शाळेला सहा किलोमीटर जायचा-यायचा. कुठं होता त्याला ट्रॅक?’ बरोबर आहे. पण त्याच्या शाळेच्या वाटेवर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर किती होते, हे विचारा. अन् तो धावपटू झाला तो सैन्यात गेल्यावर, प्रशिक्षक मिळाल्यावर, मैदान मिळाल्यावर. राष्ट्रकुलचं रौप्य रानवाटेवर नाही मिळालं. एका साबळेचं उदाहरण देऊन बाकी हजार पोरांची जबाबदारी झटकायची, ही आपली जुनी सवय.

दुसरं उत्तर, ‘जागाच नाही.’ आता इथं मला राग येतो.

गावचा नकाशा काढा. तलाठी कार्यालयात मिळतो. त्यावर पाणंदी आखलेल्या आहेत, गाडीवाट आहे, नदीकडं जाणारी वाट आहे. आता प्रत्यक्षात जाऊन बघा. पाणंदीत एका बाजूने ऊस आलाय, दुसऱ्या बाजूने बांध सरकलाय, मधे बाभळी. बैलगाडी जायची तिथं आता मोटारसायकल जात नाही. सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची रुंदी अन् सातबाऱ्यावरची नोंद यावर आणखी आदेश निघाले. कागद भरपूर आहे. पण पाणंद मोकळी करायची म्हणजे भावकीतल्या माणसाचा बांध मागं घ्यावा लागतो. तिथं येऊन सगळ्या योजना बसतात.

गायरानाचं तेच. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सांगितलं की गावाची सामाईक जमीन गावाचीच, अतिक्रमणं काढा. त्याच वर्षी आपल्या राज्याचाही आदेश निघाला. त्याला आता किती वर्षं झाली मोजा. ज्याला घर नाही अशा माणसाने गायरानात झोपडी टाकली, त्याच्यावर मी बोलत नाही. ज्यांची वीस-वीस एकर आहे अन् तरी गायरानात ऊस आहे, त्यांच्यावर बोलतोय. त्यांना नाव घेतल्याशिवाय कळेल.

गंमत बघा. माळरान म्हणजे आपल्या लेखी पडीक. आणि तिकडं इंदापूरला कडबनवाडीत, बारामतीच्या शिर्सुफळात वनखात्याने २०२४ पासून गवताळ प्रदेशाची सफारी चालू केली. लोक पैसे भरून चिंकारा बघायला येतात. माळाला किंमत आहे हे वनखात्याला कळलं, आपल्या ग्रामपंचायतीला कळायचंय.

माझं मागणं फार नाही. स्टेडियम नको, सिंथेटिक ट्रॅक नको. (ट्रॅकचं उद्घाटन होतं, नंतर त्यावर शेळ्या बसतात, आपण पाहिलंय.) गायरानात चारशे मीटरचा गोल, मुरूम टाकून रोलर फिरवलेला. कडेची झुडपं दहा-पंधरा फूट साफ, म्हणजे काही आलं तर लांबून दिसेल. सोलरचे चार दिवे. आणि गावातून नदीकडं जाणारी पाणंद मोजणी करून मोकळी, बंधाऱ्यापर्यंत. तेवढं झालं तरी संध्याकाळी शुगरवाल्या बायका, ज्या आज रस्त्याच्या कडेने पदर सावरत ट्रॉल्या चुकवत चालतात, त्यांनाही वाट मिळेल. शुगर मलाही आहे, त्यामुळं थोडा स्वार्थ समजा. बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी मॅरेथॉन जिंकली, त्यांचं कौतुक आपण सगळ्यांनी शेअर केलं. आपल्या घरातल्या बाईला चालायला वाट आहे का, हे कुणी पाहिलं नाही.

पैसे नाहीत म्हणू नका. स्वागत कमानीला निघतात.

सहा महिन्यांपूर्वी मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. साहेब म्हणाले, ‘पत्रकार, हा विषय आमच्याकडं येत नाही.’ मग कुणाकडं येतो, तर त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून आता अर्ज ग्रामसभेत. विषय दोन. एक, गायरानातली एक जागा मैदानासाठी ठरावाने राखून ठेवायची. दोन, नदीच्या पाणंदीची मोजणी मागायची, फी मी भरतो. अर्ज लिहून तयार आहे, स्टँडवरच्या चहाच्या दुकानात ठेवलाय. सही करायला या. भरतीच्या पोरांनो, तुम्ही तर याच, अन् आई-बापांना घेऊन या, कारण ग्रामसभेत तुमच्या वयाचं कुणी ऐकत नाही.

आणि ट्रॉलीवाल्यांनो, आज रात्री घरी गेल्यावर मागची पट्टी ओल्या फडक्याने पुसा. पहाटे रस्त्यावर आपलीच पोरं असतात.