घोडा-गाढवांच्या बाजारांआधी गोचिडांचा बंदोबस्त करा!

घोडेमालकांनो, टांगेवाल्यांनो, गाढवांवर विटा-वाळू वाहणाऱ्या बांधवांनो आणि यंदा बाजारातून जनावर आणायला निघालेल्या सर्वांनो,

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरेल. पाठोपाठ पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार. पंजाब-राजस्थानचे घोडे, काठेवाडी गाढवे आणि आपली गावठी जनावरे शेजारी-शेजारी बांधली जातील. त्यांच्या अंगावरचे गोचीडही सोबत येतील आणि गोचिडांबरोबर ताप. बाजार उठल्यावर तो ताप आपल्या दावणीला येऊ नये, यासाठी आजच हातपाय हलवायला हवेत.

गोचीड नुसते रक्त पीत नाहीत, रक्तात जंतूही सोडतात. थायलेरिया इक्वाय आणि बाबेसिया कॅबॅली हे एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. हा आजार भारतात मुरलेला आहे. अ‍ॅनाप्लाझ्मा नावाचा जिवाणू मात्र पांढऱ्या पेशींत घर करतो. घोड्यांमधला त्याचा आजार 1969 मध्ये कॅलिफोर्नियातून पहिल्यांदा नोंदला गेला. ताप, अंगावर पिवळेपणा, सुजलेले पाय ही लक्षणे दोन्हींत दिसतात, औषधे मात्र निराळी. जिवाणूवर टेट्रासायक्लिन गटातले औषध चालते, तांबड्या पेशींतल्या परजीवींसाठी इमिडोकार्ब वापरतात. ते गाढवांना आणि खेचरांना सोसवत नाही, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. नेमका जंतू कोणता, हे रक्त तपासल्यावरच कळते. म्हणून अंदाजाने सुई टोचू देऊ नका.

रोज खरारा करताना एवढे कराच:

1. कानाच्या आत, आयाळीखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या बुडाशी बोटे फिरवा. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. विडीचा चटका देऊ नका, रॉकेल लावू नका, उघड्या बोटांनी चिरडू नका.

2. ओठ वर करून हिरडी पाहा. ती फिकट किंवा पिवळट दिसली, लघवी तांबूस-काळपट झाली, जनावराने वैरण सोडली किंवा ताप 101.5 अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. औषध टोचण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा.

3. गाई-म्हशींसाठी आणलेले गोचिडांचे औषध घोड्यावर ओतू नका. त्यात अमिट्राझ असेल तर घोड्याचे आतडे मंदावते, लीद अडते आणि पोटशूळाने जनावर दगावू शकते. बाटलीवरचे नाव वाचा, वाचता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

4. एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरू देऊ नका. थायलेरियातून उठलेला घोडा धडधाकट दिसतो, पण जंतू त्याच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतो आणि त्याच सुईतून शेजारच्या घोड्यात जातो.

5. तबेल्याच्या भिंतींतल्या फटी लिंपून घ्या. पोट भरलेली मादी खाली पडून अशाच फटीत हजारो अंडी घालते. नुसते जनावर धुतले आणि जागा तशीच ठेवली, तर गोचीड पुन्हा चढणारच.

बाजारातून जनावर घेणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी अंग चाचपावे, हिरडी पाहावी आणि जमल्यास रक्त तपासून घ्यावे. नवे जनावर घरी आणल्यावर काही दिवस वेगळे बांधावे. गाभण घोडीची विशेष काळजी घ्या. या आजारात गाभ पडतो आणि पोटातल्या शिंगरालाही लागण होऊ शकते.

वीटभट्टीच्या मालकांनाही कळकळीची विनंती आहे. तापातून उठलेल्या गाढवाला लगेच ओझ्याला जुंपायला लावू नका. अतिश्रमाने दबलेला आजार पुन्हा उसळतो. त्या गाढवावर एका घराची चूल चालते, त्याच्या विश्रांतीच्या दिवसांत त्या मजुराची मजुरी कापू नका.

यात्रा समित्या आणि ग्रामपंचायतींनी बाजाराच्या प्रवेशापाशीच पशुवैद्यकाची तपासणी ठेवावी, रक्ताचे नमुने घेण्याची सोय करावी आणि गोचिडांनी भरलेले जनावर उपचार होईपर्यंत वेगळे बांधावे.

या गोचीडतापावर आपल्याकडे लस मिळत नाही, पण वेळेत ओळखला तर उपचार आहेत. जनावर आजारी दिसताच जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. आज संध्याकाळी जनावर बांधण्याआधी त्याच्या कानात आणि शेपटीखाली बोटे फिरवा, आणि हे आवाहन शेजारच्या तबेल्यातही वाचून दाखवा.