जुलैचा एक दिवस आणि वऱ्हाडचा कापूस

महायुद्धाचे दिवस म्हटले म्हणजे वाचकांस लढाया आठवतात. वऱ्हाडास ज्या दिवसाचा घाव बसला, त्या दिवशीं मात्र इकडे एकही तोफ उडाली नाहीं. तो दिवस २६ जुलै १९४१ चा. जपान फ्रेंच इंदोचीनच्या दक्षिण भागांत सैन्य घालणार हें उघड होतांच अमेरिकेनें व ब्रिटननें जपानी मालमत्ता गोठविली; हिंदुस्थान सरकारनेंही तीच वाट धरली. जपानशीं होणारा व्यापार जवळजवळ बंद पडला.

अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याचा यांत काय संबंध? आमच्या मतें फार मोठा. इकडचा आंखूड धाग्याचा कापूस बाजारांत 'ऊमरा' म्हणून ओळखला जाई. हें नांव उमरावतीचें, म्हणजे अमरावतीचेंच. लँकेशायरला तो फारसा रुचत नसे. जपानी गिरण्या मात्र त्यांत लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मिसळून सूत काढीत, म्हणून जपान हें त्याचें मोठें गिऱ्हाईक. १९३३ सालीं त्या गिरण्यांनीं खरेदीवर बहिष्कार घातला, तेव्हां वाटाघाटी होऊन १९३४ सालीं करार झाला होता. या खेपेस वाटाघाटीस जागाच उरली नाहीं.

शिवाय हुकूम निघाला जुलैच्या अखेरीस! मृगावर पेरलेली सरकी तोंवर उगवून वीतभर वाढलेली. ती मोडून ज्वारी पेरावी, तर वेळ टळलेली. सावकाराचें देणें त्याच पिकावर. पुढें वेचणीच्या दिवसांत, ८ डिसेंबर १९४१ रोजीं, जपानी फौजा मलायांत उतरल्या. तोंवर वऱ्हाडचें गिऱ्हाईक जाऊन चार महिने लोटले होते.