ओळीच्या दरावर चालणारी नोकरी

पदवी हाती आली आहे, दोन-तीन स्पर्धा परीक्षा देऊन झाल्या आहेत, दुकानाच्या गादीवर बसण्याची इच्छा नाही आणि बाहेर नोकरी मिळत नाही, अशा अवस्थेतील मुलामुलींपुढे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा पर्याय आजही ठेवला जातो. घरबसल्या काम, डॉलरशी जोडलेले उत्पन्न आणि अभ्यासक्रम संपताच नोकरी, अशी जाहिरातीची त्रिसूत्री असते. एका पोत्याच्या खरेदीसाठी दहा प्रश्न विचारणारे व्यापारी गृहस्थ अशा वर्गाची भली मोठी फी मात्र एका बैठकीत भरून मोकळे होतात, याचे नवल वाटते. हा धंदा काय आहे, त्यातला भाव कोण ठरवतो आणि तो भाव कोणत्या दिशेने चालला आहे, एवढे तरी आधी पाहिले पाहिजे.

रुग्ण तपासून झाल्यावर अमेरिकेतील डॉक्टर आपली निरीक्षणे, निदान आणि उपचार तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतो. विमा कंपनीकडून पैसे मिळण्यासाठी आणि उद्या वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून हा वृत्तान्त लेखी असावा लागतो. ते ध्वनिमुद्रण भारतात येते. तिकडे रात्र असताना इकडे ते ऐकून टंकलिखित होते आणि सकाळी डॉक्टर कामावर येईपर्यंत कागद तयार असतो. इंग्रजी जाणणारे पदवीधर, घड्याळातील अंतर आणि मजुरीतील तफावत, या तीन पायांवर १९९० च्या दशकात हा व्यवसाय आपल्याकडे उभा राहिला.

मोबदला ओळीवर ठरतो. ही ओळ कागदावर दिसणारी नव्हे. मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरे झाली की एक ओळ, असा या धंद्यातला रूढ हिशेब आहे. महिन्याचा पगार ठरलेला असला तरी त्यामागे रोजच्या ओळींचे लक्ष्य असते. नगावर कपडे शिवणाऱ्या कारागिराच्या हिशेबापेक्षा हा हिशेब वेगळा नाही.

तथापि हे काम हलके आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ‘हायपरटेन्शन’ आणि ‘हायपोटेन्शन’ यांत एका ध्वनीचा फरक, पण एकात रक्तदाब चढलेला असतो आणि दुसऱ्यात उतरलेला. ‘इलियम’ हा उच्चार लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचाही आहे आणि कमरेच्या हाडाचाही. कोणता अर्थ घ्यायचा हे पुढचे-मागचे वाक्य समजल्याशिवाय कळत नाही. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर आणि सेरेबिक्स झटक्यांवर दिले जाते; घाईत बोलणाऱ्या डॉक्टरच्या तोंडून ही तिन्ही नावे सारखीच ऐकू येतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील गफलत औषधाच्या मात्रेत झाली तर काय होईल, हे सांगायला नको. डॉक्टरही नाना देशांतून अमेरिकेत आलेले, प्रत्येकाचा उच्चार निराळा. म्हणून केवळ टंकलेखनाचा वेग पुरत नाही. शरीररचना, औषधे आणि रोग यांचे ज्ञान लागते. घाईघाईच्या वर्गांत नेमका हाच भाग उरकला जातो.

भावाचा प्रश्न मात्र येथील मुलांच्या हातात कधीच नव्हता. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अनेकजणी घर सांभाळून ते करीत. काम समुद्रापार जाऊ लागले तसा त्यांचा दर घसरला, अनेकींची कामे गेली आणि २००४ च्या तेथील अध्यक्षीय निवडणुकीत परदेशी जाणाऱ्या रोजगारांचा प्रश्न गाजला. मधल्या दलालांची साखळी किती लांबू शकते, हे त्याआधीच, २००३ मध्ये, उघड झाले होते. सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या रुग्णालयाचे काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे असे जात कराचीतील एका महिलेपर्यंत पोहोचले. पैसे थकल्यावर तिने रुग्णांची माहिती उघड करण्याची धमकी दिली, तेव्हा आपले कागद कोठवर गेले आहेत हे रुग्णालयाला कळले. तिची धमकी गैरच होती. पण प्रत्येक पायरीवर दलाली कापली गेल्यावर शेवटच्या हातात काय उरते, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पुढे तिकडच्या स्त्रियांवर आलेली पाळी इकडच्या मुलांवर आली, या वेळी यंत्रामुळे. आवाज ओळखून मजकूर उमटवणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आणि टंकलेखकाचे काम यंत्राच्या चुका दुरुस्त करण्यापुरते राहिले. अशा दुरुस्तीचा ओळीमागचा दर बराच कमी असतो. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने संगणकीय रुग्णनोंदींसाठी मोठे अर्थसाहाय्य देणारा कायदा केला. डॉक्टर स्वतःच पडद्यावरचे रकाने भरू लागले आणि तोंडी वृत्तान्ताचे प्रमाण घटले. या क्षेत्रातील बडी कंपनी एम-मोडल २०१४ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. मायक्रोसॉफ्टने सुमारे १,९७० कोटी डॉलर मोजून न्यूआन्स ही आवाज ओळखण्याच्या तंत्रातील कंपनी घेण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. आता डॉक्टर आणि रुग्ण यांचे संभाषण ऐकून कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच टिपण तयार करते.

मग सारेच संपले काय? तसे म्हणता येत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या आयकेएस हेल्थ या कंपनीने २०२३ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरना अमेरिकेतील अ‍ॅक्विटी सोल्यूशन्स विकत घेतली. ही कंपनी एम-मोडलच्या ट्रान्सक्रिप्शन व्यवसायातूनच निघालेली होती. बुडीत म्हटल्या जाणाऱ्या धंद्याला एवढी किंमत का मिळावी? डॉक्टर आणि रुग्णालये यांच्याशी जुळलेल्या जुन्या संबंधांमुळे, असे म्हणावे लागेल. पेढीची किंमत तिच्या गिऱ्हाइकांत असते, मुनिमाच्या अक्षरात नव्हे. मालकाच्या दृष्टीने हे ठीक आहे. नोकरी शोधणाऱ्याने मात्र आपण मुनिमाच्या जागी आहोत हे विसरू नये.

यंत्राने लिहिलेले टिपण बरोबर आहे की नाही, हे सांगणारा माणूस अजून लागतो. त्याला वैद्यकीय ज्ञान हवे. औषधनिर्माण, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा जीवशास्त्राची पदवी असलेल्यांनी मेडिकल कोडिंगकडे वळण्यास हरकत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ही रोगसंकेतांची पद्धत लागू आहे. तिच्यात सुमारे ७०,००० संकेत आहेत आणि विम्याचे बिल त्यांवरच ठरते. सीपीसी ही तेथील परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची असून उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. तेथेही यंत्र शिरते आहे, तेव्हा जन्माची खात्री म्हणून नव्हे, पाच-सात वर्षांचा विचार करूनच हा मार्ग धरावा. परदेशाचा मोह सोडून जवळही पाहता येईल. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात विम्याच्या कॅशलेस दाव्यांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या डिस्चार्जचे सारांश नीट तयार करणारी माणसे लागतात. पगार डोळे दिपवणारा नसतो, पण अनुभव खरा असतो. वाणिज्य पदवीधराने मात्र केवळ डॉलरच्या ओढीने या वाटेला जाऊ नये, हे स्पष्टच सांगितलेले बरे. जीएसटीची विवरणपत्रे भरण्यात त्याला याहून चांगले काम आहे.

फी भरण्यापूर्वी वर्गचालकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजण आज याच कामात आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला समक्ष भेटता येईल? उत्तराऐवजी माहितीपत्रक पुढे आले तर उठून यावे. घरबसल्या कामासाठी अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. काम दिल्यावर अचूकतेची टक्केवारी कमी भरली म्हणून अनामत बुडवायची आणि वर वकिलाच्या नावाची खोटी नोटीस पाठवायची, ही फसवणुकीची परिचित रीत आहे.

सुलभ हप्त्यांचा मामला याहून नाजूक असतो. अनेकदा हे हप्ते वर्गाला दिले जात नसून एखाद्या वित्तसंस्थेने विद्यार्थ्याच्या नावे काढलेल्या कर्जाचे असतात. कर्जाची रक्कम वर्गाच्या खात्यात एकदम जमा होते; पुढे वर्गाला टाळे लागले तरी हप्ता थांबत नाही, आणि तो चुकला तर नोंद मुलाच्या सिबिलवर होते, हमीदार असल्यास वडिलांच्याही. दुकानासाठी रोखपत मागायला बँकेत गेल्यावरच अनेकांना हे कळते. म्हणून सही करण्याआधी करारात कर्जदार कोण आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, एवढ्या दोन ओळी तरी घरातल्या कोणीतरी नीट वाचून घ्याव्यात.