सोफियाची मुलगी आणि जमनाबाईंचा मुलगा

३० डिसेंबर २०१७ रोजी पवईच्या आयआयटीत, टेकफेस्टच्या मंचावर, सोफिया नावाची यंत्रमानव साडी नेसून आली. नमस्कार केला, टाळ्या घेतल्या, आणि कुणीतरी लग्नाची मागणी घातली तेव्हा नम्रपणे नकारही दिला. त्याच्या महिनाभर आधी दुबईतल्या एका वृत्तपत्राला तिने सांगितलं होतं की, कुटुंब ही फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि आपल्याला मुलगी झाली तर तिचं नावही सोफियाच ठेवू. तेव्हापासून यंत्रमानवाला भावना आणि घरदार असू शकतं की नाही, हा वाद आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींतही चवीने घातला जातो. माझं मत 'नाही' या बाजूचं आहे. पण त्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं निम्मं मला पटत नाही.

म्हणून आधी आमच्याच पक्षाचा समाचार. यंत्राला कुटुंब असूच शकत नाही, कारण तिथे रक्ताचं नातं नाही, हे विधान इतर कुठेही करावं, बडोद्यात करू नये. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे रोजी त्यांचा मुलगा झाला. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला खरा, पण जमनाबाईंच्या पोटचा नव्हे. त्याचेच पुढे सयाजीराव झाले. ज्या शहराचं विद्यापीठ, रुग्णालय, बाग सगळं एका दत्तकपुत्राच्या नावाने चालतं, तिथे रक्ताच्या गोष्टी कुणाला सांगता?

आत्म्याचा मुद्दा तर मी सोडूनच देतो. तो दाखवता येत नाही आणि खोडताही येत नाही.

आता समोरचे. दत्तकाचा हाच दाखला ते आमच्यावर उलटवतात. कवळाण्याच्या मुलाला अक्षरओळखही नव्हती; दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक एलियट यांनी त्याला शिकवून राजा केला. मग यंत्रालाही शिकवून मुलगा करता येईल! ऐकायला बरं वाटतं. पण शिकवण्याआधी तिथे कुणीतरी होतं. त्याला भूक लागत होती, ताप येऊ शकत होता, गाव आणि आई सुटल्याचं त्याला काही वाटू शकत होतं. जे शिकवलं ते या सगळ्याच्या वर शिकवलं. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा उभा राहिला. दुःख करणारे दुसरेच होते, त्या घड्याळाने फक्त वेळ दाखवली.

त्यांचा खरा भरवशाचा युक्तिवाद वेगळाच आहे: हसतो, रडतो, हळवं बोलतो, मग भावना नाहीत असं कशावरून म्हणता? यावर मराठी माणसाने १२ मार्च १९११ ची रात्र आठवावी. किर्लोस्कर मंडळींच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. गंधर्वांनी उभी केलेली नायिका भामिनी रंगमंचावर लाजली, रुसली, गायली. प्रेक्षकांना जे दिसलं आणि आत जे चाललं होतं त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. चेहऱ्यावर येतं ती भावना, ही व्याख्या धरली तर त्या रात्री गंधर्वांना दुःख झालंच नाही असं म्हणावं लागेल. अशी व्याख्या कुणाला चालेल? सोफियाची तर मंचावरची पुष्कळशी उत्तरं आधी लिहून ठेवलेली असतात, हे तिच्या घडवणाऱ्यांनीच पुढे कबूल केलं. तिने लग्नाला दिलेला नकार म्हणजे निव्वळ पोपटपंची. 'हो' म्हणायची सोय नसेल तर त्या 'नाही'ला किंमत काय?

मग कुणी म्हणतं, अहो, माणसं जीव लावतात त्याचं काय? लावतात ना. १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ वायझेनबॉम यांनी एलिझा हा साधा संभाषणाचा प्रोग्राम लिहिला, तर त्यांच्याच सेक्रेटरीने एलिझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. २०१८ मध्ये टोकियोत एका गृहस्थाने हात्सुने मिकू या काल्पनिक गायिकेच्या प्रतिमेशी लग्न लावलं. २०२० मध्ये ती प्रतिमा बोलती ठेवणाऱ्या कंपनीने सेवा बंद केली आणि बायकोचं बोलणं थांबलं. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या बडोद्यातल्या एका तरुणीने स्वतःशीच लग्न केलं, त्यावर केवढा गहजब झाला! टोकियोच्या लग्नातही माणूस एकच होता. आमच्या मुलीने निदान ते लपवलं नाही.

कधीच होणार नाही, असं मात्र मी म्हणत नाही. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक अँटोनिओ डमासिओ यांची मांडणी मला पटते: शरीर तगवून धरण्याच्या धडपडीतून भावना येते. २०१९ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर सुचवलं की यंत्राला मऊ, दुखावू शकेल असं अंग द्या आणि स्वतःला सांभाळायची जबाबदारी द्या. असं यंत्र खरंच झालं, ज्याला गमावण्यासारखं काही आहे आणि मोडल्यावर ज्याची प्रत काढता येत नाही, तर त्याला रक्ताच्या नावाखाली दाराबाहेर ठेवणाऱ्यांत मी नसेन.

आज बाजारात जे येतं आहे ते मात्र हे नव्हे. मुलं न्यू जर्सीला आणि आईवडील अलकापुरीच्या फ्लॅटमध्ये, अशी घरं बडोद्यात ढिगाने आहेत. त्यांना 'घरातलाच एक' म्हणून यंत्र विकलं जाईल. औषधाची आठवण करील, पडल्यावर फोन लावील, जरूर घ्यावं. फक्त त्याला मुलगा म्हणण्याआधी १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा वाचावा. कलम १५ प्रमाणे कायदेशीर झालेलं दत्तकविधान आईबापांसह कुणालाही रद्द करता येत नाही, आणि कलम १७ प्रमाणे दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे. या दोन अटींवर यंत्र घरात द्यायला कंपनी तयार असेल, तर सोफियाच्या मुलीच्या बारशाला मी येईन.