सही होती, वाचली कोणी नाही



जुन्या काळातल्या स्त्री चित्रकारांची नावं आपल्याला का ठाऊक नसतात, असा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: "अहो, त्यांना शिकायलाच कुठे मिळत होतं!" बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे. पण यूडिथ लेस्टरच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. (इंग्लंडवाल्यांनो, तुमच्या लेस्टरचा इथे काही संबंध नाही.)

ही बाई हॉलंडमधल्या हार्लेमची, जन्म १६०९. वडिलांची दारूची भट्टी होती, तिच्या नावावरूनच हे आडनाव आलं. अर्थ साधारण ध्रुवतारा. म्हणून ती चित्रावर सही करायची ती आद्याक्षरं आणि त्यांना जोडलेला एक छोटा तारा. १६३३ मध्ये ती हार्लेमच्या चित्रकारांच्या गिल्डची सभासद झाली. तिच्या हाताखाली विद्यार्थी होते. त्यातला एकजण तिला सोडून थेट फ्रान्स हाल्सकडे गेला, तेव्हा बाईंनी १६३५ मध्ये गिल्डकडे रीतसर तक्रार केली. हाल्स म्हणजे तेव्हाचं गावातलं सगळ्यात मोठं नाव! थोडक्यात, शिक्षण, धंदा, मान, सगळं होतं. १६४८ च्या हार्लेमच्या इतिहासातही तिच्या आडनावावर कोटी करून तिचं कौतुक केलेलं आहे.

मग झालं काय? १६३६ मध्ये यान मोलेनार या चित्रकाराशी लग्न झालं, पाच मुलं झाली. त्यानंतरची तिची फारच थोडी चित्रं आज माहीत आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घरातल्या चित्रांची यादी झाली, तिच्यात तिची काही चित्रं 'मयताच्या बायकोची' म्हणून नोंदली गेली. डेटा एंट्री करणाऱ्याने नावाचा कॉलमच उडवला म्हणा ना.

पुढची दोनशे वर्षं तिची चित्रं हरवली वगैरे नव्हती. ती विकली जात होती, भिंतींवर लागत होती, लोक वाहवा करत होते. फक्त हाल्स म्हणून. हाल्सला भाव जास्त, मग व्यापारी ताऱ्याकडे कशाला बघतील?

भांडं फुटलं तेही पैशावरूनच. आज लूव्हरमध्ये असलेलं तिचं मद्यपान करणाऱ्या जोडप्याचं चित्र लंडनमध्ये हाल्स म्हणून विकलं गेलं. हाल्सच्या बनावट सहीखाली वेगळीच सही निघाली. प्रकरण कोर्टात गेलं, १८९३ मध्ये तडजोड होऊन किंमत उतरवली गेली. चित्र तेच, रंग तेच, किंमत मात्र खाली! मला ही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वाटते. त्याच वर्षी होफस्टेडे द ग्रूट या अभ्यासकाने ती सही ओळखली आणि तिची सात चित्रं शोधून काढली. त्यातल्या सहांवर तारा होताच.

असो. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांसाठी: तिचं आत्मचित्र तिथल्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आहे. तेही आधी हाल्सचं समजलं जायचं. झकास पोशाख, भलीमोठी कॉलर, हातात ब्रश, आणि काम थांबवून ती आपल्याकडे बघत हसतेय. निघण्यापूर्वी चित्र भिंतीवर आहे का ते वेबसाइटवर बघून घ्या. प्रवेश फुकट आहे, पार्किंगचं मात्र विचारू नका.